पहिल्या तासाचे हात

पॉवर प्रेसचा कारखाना ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांना वाटतं तिथे भीती आवाजाची असेल. आवाजाची सवय आठवडाभरात होते. भीती वाटते ती आवाज थांबला की. शेडमधली सगळी मशिनं धडाधड ठोके देत असतात आणि मधेच एखादं गप्प होतं. सगळा शेड माना वर करून तिकडे बघतो. बहुतेक वेळा पत्र्याची पट्टी संपलेली असते, नाहीतर कुणी पाणी प्यायला उठलेलं असतं. पण तेवढ्या वेळात प्रत्येकाच्या मनात कुणाचा तरी हात येऊन जातो. नगरच्या एमआयडीसीतल्या अशा एका कारखान्यात मी कामगार कल्याण अधिकारी होते. (आता अहिल्यानगर म्हणायचं. पाट्या बदलल्या, माझी जीभ अजून बदलते आहे.) निवृत्त होऊन घरी बसले, तरी शेजारणीचा मिक्सर मधेच बंद पडला की माझी मान वर होते.

कल्याण अधिकारी म्हणजे घरातली थोरली सून. कँटीनची डाळ पातळ झाली तर तिला विचारायचं, संडासाची कडी मोडली तर तिला विचारायचं, आणि तिजोरीच्या किल्ल्या मात्र सासूच्या कमरेला. माझ्याकडे अधिकार कमी आणि रडगाणी भरपूर होती. पण एक काम मी मनापासून केलं. माणसांचे हात बघण्याचं.

आधी यंत्राचं थोडं सांगते. प्रेसमध्ये खाली साचा असतो, त्याला डाय म्हणतात. त्यावर पत्र्याची पट्टी सरकवायची, वरून जड ठोका येतो आणि पट्टीतून ट्रॅक्टरला लागणारा एखादा तुकडा कापून निघतो. पत्रा कापणाऱ्या ठोक्याला बोटाचं काय? म्हणून मशिनला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही तळव्यांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोका पडतो. हात बटणावर म्हणजे डायमध्ये नाहीत, असा साधा हिशेब. आमची मशिनं जुनी होती. एक बटण कशाने तरी दाबून अडकवलं, तर नुसत्या दुसऱ्या बटणावर ठोका पडायचा. नवी मशिनं अशी फसत नाहीत.

त्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून शेडची हातांची भाषा होती. त्यातली एक खूण सगळ्यांत मोठी. दोन्ही हात खांद्यापर्यंत वर, तळवे समोर. याचा अर्थ ‘थांब’. आणि ज्याला ही खूण दिसेल त्याने हातातलं काम सोडून आपलेही दोन्ही हात तसेच वर करायचे. म्हणजे दोघांचेही हात मशिनच्या बाहेर आहेत हे दोघांनाही दिसतं. नवीन माणसाला मशीन शिकवायच्या आधी ही खूण शिकवत. कितीही मोठा साहेब असो, खूण दिसली की त्याचे हात वर जायचेच. अंगवळणीच पडलेलं.

आता सांध्यांबद्दल. एवढे ठोके मारणाऱ्या माणसांत सांधे धरलेली माणसं असणारच. कुणाची बोटं आखडतात, कुणाचं मनगट सुजतं. कुणाला खरा संधिवात असतो, ज्यात सकाळी उठल्यावर मूठच वळत नाही आणि ऊन वर येईल तसे हात हळूहळू मोकळे होतात. पण माझ्याकडे येऊन ‘माझे सांधे दुखतात’ असं कुणी म्हणायचं नाही. डोकेदुखीला गोळी मागतील, पोटदुखीला रजा मागतील, सांध्यांचं नाव नाही. कारण बरेचसे ठेकेदाराकडचे, आणि ‘वात हाय’ ही बातमी ठेकेदाराच्या कानावर गेली की पुढच्या खेपेला त्या माणसाला गेटवरूनच परत पाठवायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. वर्षाची वैद्यकीय तपासणी असली की गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर गर्दी. चहा कुणाला प्यायचा नसायचा. गरम ग्लास दोन्ही हातांत धरून उभे राहायचे, बोटं सैल होईपर्यंत.

मला हे चटकन कळलं, कारण मी घोडेगावच्या गुरांच्या बाजारात वाढलेली. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, बैल पारखण्यात पंचक्रोशीत मानलेले. ते म्हणायचे, बैल बघायचा तर पहाटेच्या गारठ्यात चालवून बघावा. दुपारी सगळेच बैल चांगले. विकणारेही बेरकी. सांधा धरलेल्या जनावराला बाजारात आणण्याआधी शेकायचे, गरम पाणी मारायचे, की तासभर ते झोकात चालायचं. टपरीवरचे ते ग्लास पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला गरम पाण्याची घागर आठवली, आणि त्या आठवणीची मला शरम वाटली.

कौसल्याबाईची गोष्ट एका हिवाळ्यातली. राहुरीकडून कंपनीच्या बसने येणारी, चाळिशीतली, ठेकेदाराकडची बाई. आधी शिर्डीत हाराच्या दुकानात बसायची. दिवसभर ओल्या फुलांत हात, तिथेच बोटं धरायला लागली असं तिचं म्हणणं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या एकटीच्या हातावर. हातावरच, दुसरा शब्द नाही. तिची बोटं मी बघितली होती. सकाळी बसमधून उतरताना ती दांडा धरत नसे, कोपर अडकवून उतरे.

थंडी वाढली की पहिल्या तासाला सगळ्यांचंच काम मंदावतं. कौसल्याबाईचं मात्र वाढलं. सुपरवायझरने सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. ‘बघा, शिका जरा बाईकडून.’ मला ते खटकलं. गारठ्यात सांधा धरलेलं जनावर जोरात चालायला लागलं, तर आप्पा आधी त्याच्या पायाखाली बघायचे.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मी शेडमध्ये गेले आणि तिच्या मागे उभी राहिले. डाव्या बटणावर हात नव्हता. बटणाच्या कडेला लाकडाची एक पाचर ठोकलेली होती, नीट तासलेली, मशिनच्या रंगात मिसळेल अशी. तिचा उजवा तळवा बटण दाबत होता, आणि डावा हात, सुजलेल्या मनगटाचा, पट्टी आत सरकवत होता. ठोका वर जायचा, डावा हात आत. हात बाहेर, ठोका खाली. मध्ये किती फट होती? डोळ्याची पापणी लवेल एवढी असेल, नसेल.

ओरडावंसं वाटलं आणि ओरडता येईना. ओरडले असते तर ती दचकली असती. दचकलेलं माणूस मान वळवतं, हात जिथे आहे तिथेच राहतो आणि सवयीचा दुसरा तळवा बटण दाबून जातो. खांद्याला हात लावणं त्याहून वाईट. धावत गेले असते तर बाकीच्यांची मशिनं थांबली असती आणि ते बघायला तिने मान वळवली असती. मग मी चालत निघाले. अगदी सावकाश, कँटीनला निघाल्यासारखी, मशिनला वळसा घालून तिच्या समोर. तेवढ्या वाटेवर ऐकलेला प्रत्येक ठोका मी तिच्या बोटांवर पडताना ऐकला. आयुष्यात मी इतकी हळू आणि इतकी घाबरून कधी चालले नाही.

तिच्या नजरेच्या टप्प्यात आले आणि दोन्ही हात वर केले.

तिने मला पाहिलं. सवयीने तिचे दोन्ही हात वर आले. एक सरळ, एक वाकडा. सगळी बोटं होती. मशीन थांबलं, सगळ्या शेडने माना वर केल्या, आणि मी तिथल्याच पत्र्याच्या ढिगावर बसले.

तिला मी माझ्या खोलीत नेलं. रागावण्याचे सगळे शब्द जमवून ठेवले होते.

“बाई, हात गेला असता तुमचा!”

“ठावं हाय म्याडम.”

“माहीत होतं? मग?”

ती हात पदराखाली घेऊन बसली होती. खाली बघतच म्हणाली, “बोट तुटलं तर कंपनी दवाखान्यात नेती, चार मानसं बघाया येत्यात. बोट आखडलं तर कोन बघतं? घरी बसा म्हन्त्यात. ते डावं बटन लई घट हाय वो. सकाळचं दाबलं की इथपस्तोर कळ जाती.” तिने खांदा दाखवला. “पैला तास निभला की मग मी पाचर काढून टाकते. मग हुतं दोन्ही हातानं. पैलाच तास.”

“आणि भीती नाही वाटत?”

“वाटती की. पर मशिनीची एक तासच वाटती. घरी बसायची दिसभर वाटती.”

माझे रागाचे शब्द कुठल्या कुठे गेले. तिला मी काही दिवस तयार तुकडे मोजायच्या टेबलाशी बसवलं आणि मॅनेजरसाहेबांकडे गेले.

साहेब नेवाशाकडचे, शेतकऱ्याचे चिरंजीव, प्रेसवर ऑपरेटर म्हणून लागून वर चढलेले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात शेजारच्या मशिनवर एकाचा पंजा जाताना त्यांनी पाहिला होता. घाबरलेला माणूस वाईट माणसापेक्षा अवघड, कारण त्याचं म्हणणं बरोबर असतं. मशिनवर पाचर सापडली एवढंच मी सांगितलं. शेडमधलं ते मशीन मी थांबवलं तेव्हा ते बाहेरगावी होते, आणि सुपरवायझरलाही मी पट्टी अडकली होती म्हणून सांगितलं होतं.

“नाव सांगा.”

“नाव नाही सांगणार. बटणं बदला साहेब. हल्ली नुसता तळवा टेकवला की चालणारी बटणं मिळतात. दोन्ही हात लागतातच, पण जोर लागत नाही. आणि ज्यांचे हात सकाळी आखडतात त्यांना पहिला तास मोजणीला, तपासायला बसवू. नंतर मशीन. घालवायचं कुणालाच नाही.”

“मॅडम, माझ्या शेडमध्ये हात गेला तर त्या घरी सांगायला कोण जाणार?”

“मीच जाणार. ते काम माझंच आहे.”

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, “डॉक्टरांना बोलवा. तपासणी सकाळी घ्या, शिफ्टच्या आधी, बाहेरच्या शेडखाली. गार हात बघायचेत मला. ज्याची मूठ वळणार नाही, तो उद्यापासून प्रेसवर नाही. मीही घोडेगावचा बाजार बघितलाय.”

प्रेसवर नाही म्हणजे ठेकेदाराच्या माणसाला कामावरच नाही. आगीतून फुफाट्यात पडले मी. शेवटचं हत्यार म्हणून त्यांना आप्पांची गोष्ट सांगितली. आप्पांनी एकदा गारठ्यात लंगडताना दिसलेला बैल उघड्या डोळ्यांनी विकत घेतला होता. लोक हसले. आप्पा म्हणाले, सकाळी लंगडतो तर मी दुपारी जुंपीन. तो बैल आमच्या दावणीला म्हातारा होऊन मेला. पारख करायची ती जनावर हाकलून द्यायला नव्हे, कधी जुंपायचं हे कळायला.

साहेबांनी नीट ऐकून घेतलं. “तुमच्या आप्पांना दुपार होती,” ते म्हणाले, “माझी शिफ्ट सकाळी सुरू होते.”

तपासणीची बातमी शेडमध्ये पसरली. कौसल्याबाईने ती कुठून तरी तपशिलासकट ऐकली, आप्पांच्या बैलासकट. संध्याकाळी बसकडे जाता जाता माझ्यापाशी थांबली. “म्याडम, बैलाला कळत आसंल का वो, आपल्याला का चालवून बघत्यात ते?” तिने उत्तराची वाट पाहिली नाही, बसमध्ये चढली. कोपर अडकवून.

तपासणीच्या सकाळी बोचरा वारा होता. मी लवकर पोचले. टपरीवाल्याचं आधण उकळत होतं आणि तिथे एकही माणूस नव्हता. “आज काय उपास हाय का सगळ्यांचा?” त्याने मलाच विचारलं. बसमधून माणसं उतरत होती आणि टपरीकडे न बघता सरळ आत जात होती. हात खिशात नाहीत, काखेत नाहीत, नुसते उघडे. मला वाटलं, यांनी आशाच सोडली. आता रांगेतून एकेक नाव कटणार आणि संध्याकाळी एकेका घरी मी जाणार, काय सांगायचं याची जुळवाजुळव मी मनात सुरूही केली होती.

रांग लागली. एका टोकाला डॉक्टर, त्यांच्याशेजारी साहेब. पहिल्या दोघातिघांच्या मुठी वळल्या. पुढची कौसल्याबाई.

“मूठ वळा,” डॉक्टर म्हणाले.

तिने प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर थांबली. माझ्या तिथल्या सगळ्या नोकरीत जे वाक्य कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, ते ती बोलली. “वळत न्हाई.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. पाचर कुणाची हे त्यांना त्याच क्षणी कळलं असणार. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात कौसल्याबाईने दोन्ही हात वर केले. खांद्यापर्यंत, तळवे समोर.

थांब.

तिच्या मागच्या माणसाने हात वर केले. त्याच्या मागच्या बाईने केले. रांगेत सरसर हात वर गेले, कुणाचे सरळ, कुणाचे गाठाळलेले, निळसर पडलेले, वाऱ्यात थरथरणारे. कुणी ओरडलं नाही, घोषणा नाही. आदल्या संध्याकाळी बसमध्ये ती बाकाबाकाशी जाऊन आपले हात दाखवत फिरली होती आणि ‘उद्या कुनी चा धरू नका’ म्हणाली होती, हे मला नंतर कळलं. त्यातल्या किती जणांचे हात खरोखर आखडलेले होते आणि किती जणांनी नुसती तिला सोबत केली, हे मात्र मला आजही ठाऊक नाही.

मी साहेबांकडे बघत होते. प्रेसवर वाढलेला तो माणूस. त्यांचेही हात वर आले, छातीपर्यंत. त्यांनी ते मुद्दाम केलं नाही, हात आपोआप आले. मग ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी हात खाली घेतले. एखाद्याला उघड्यावर गाठावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. ‘मशिनं चालवायची कुणी मग?’ एवढंच पुटपुटून ते ऑफिसात गेले. रांग किती तरी वेळ तशीच उभी होती. हात खाली घ्यायचे की नाही, हे कुणाला कळेना. शेवटी मीच घ्यायला सांगितले, आणि तपासणी तिथेच संपली.

सगळं लगेच गोड झालं असं नाही. रांगेतल्या दोघांना ठेकेदाराने पुढे ‘काम कमी झालंय’ म्हणून घरी बसवलं. मी भांडले, उपयोग झाला नाही, आणि ती दोन घरं माझ्या मनातून जात नाहीत. पण साहेबांनी मागवलेली बटणं आली. आधी कौसल्याबाईच्या मशिनवर, मग एकेक करत सगळीकडे. शेडच्या कोपऱ्यात गरम पाण्याची टाकी बसली. पहिल्या तासाला ज्याला हवं त्याने मोजणीला बसायचं, कारण विचारायचं नाही, असं ठरलं. उभ्याने करायच्या कामाला उंच स्टुलं आली, मोजमापाच्या हत्यारांच्या दांड्यांना जाड रबर आलं. ऐकायला किरकोळ वाटतं. सांध्यांना जड होतं ते सगळं असंच किरकोळ असतं.

मी निवृत्त झाले तेव्हा कौसल्याबाई कायम झाली होती. निरोपाच्या दिवशी मी तिच्याकडे एकच गोष्ट मागितली. “हिवाळ्यात पहिला तास सरला की मला मिस्ड कॉल देत जा. बोलू नकोस, नुसती रिंग दे.” ती हसली, पण दिला. हिवाळाभर रोज सकाळी फोन एकदा वाजून थांबायचा आणि माझ्या जिवात जीव यायचा. घरातले चेष्टा करायचे, की आईला अजून हजेरीचं कार्ड पंच करावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी फोन वाजला नाही. माझा चहा गार झाला. देवपूजा अर्धी ठेवली. फोन हातात घ्यावा आणि ठेवावा, कारण ती मशिनवर असली आणि माझ्या रिंगने दचकली तर? जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी मनातल्या मनात सगळं पाहून घेतलं, दवाखाना, बँडेज, तिचा नवरा. मग फोन केला.

“या बया, इसरलेच की वो म्याडम!” मागे डब्यांचा, हसण्याचा आवाज येत होता. “कामाच्या नादात ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. तुमी घाबारला का?”

“छे गं,” मी म्हटलं.

ती विसरली होती. तो पहिला तास, ज्याच्यासाठी तिने पाचर तासली होती, तो तिच्या बाकीच्या तासांसारखाच एक होऊन गेला होता. आम्ही केलं ते याच्यासाठीच केलं. मी तिला सांगितलं, आता रोज फोन नको करूस. ती बरं म्हणाली आणि जेवायला गेली. थंडी पडली की अजूनही सकाळचा तो तास मला घरात एका जागी बसू देत नाही. मी दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करून, तळवे समोर धरून बघते, आणि समोरून हात वर करणारं कुणी नसतं.